पपनसाच्या बुंध्याशी

॥ श्री ॥
बन्नेरघट्टा, बेंगळुरू
रविवार, १९ जानेवारी २०२५

विहीणबाईंना अलकाचा नमस्कार.

तुमची सून आणि माझी लेक आत्ता पानावर बसलीय. तिचा दहीभात होईतो चार ओळी लिहून तिच्या पर्समध्ये टाकते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की शेजारच्या बाई खिडकीत येऊन उभ्या राहतात. त्यापेक्षा हे टपाल बरं. येलहंका ते बन्नेरघट्टा, तिकीट नको की पेटी नको.

संक्रांतीचं एळ्ळु-बेल्ल मिळालं. गूळ, खोबरं, सगळं एका मापानं चिरलेलं. माझ्या हाताला एवढा धीर नाही. साखरेचे हत्ती देवापुढे ठेवलेत. मुंग्या लागायच्या आत आळीत वाटून टाकीन.

पण खरं सांगू का, माझं चित्तच थाऱ्यावर नाही. आमच्याकडे हरणं येतात. चितळं, ठिपक्यांची. तुम्ही तुळशीच्या लग्नाला आलात तेव्हा घराची मागची बाजू पाहिलीत ना, जिथं भिंत घालायची राहिलीय आणि नुसते दगडी खांब उभे आहेत? पलीकडे वनखात्याचा चर आहे, पण तो दोन ठिकाणी बुजलाय. तिथून येतात. पेरूचा कोवळा पाला ओरबाडून नेला, चिकूची साल शिंगांनी सोलून काढली, माझ्या देवाच्या जास्वंदीला एक कळी ठेवली नाही. आमच्या यांनी सगळी नोकरी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये काढली, तिसऱ्या मजल्यावर. चार कुंड्या, तेवढीच बाग. रिटायर झाल्यावर ही झाडं लावली, पोटच्या पोरासारखी वाढवली. आता सकाळी उठून मागे जातात आणि हातात मोडक्या फांद्या घेऊन परत येतात, ते मला बघवत नाही.

मी काय काय केलं सांगते. जुनी पातळं खांबांना बांधली. एका नऊवारीत दोन खांब सहज होतात. आंघोळीच्या साबणाच्या उरलेल्या चिपा डब्यात होत्याच, त्या ओवून फांद्यांना टांगल्या. वासानं येत नाहीत म्हणतात. आली ती आली.

एक लिहिते, मनात काही आणू नका. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी पपनसाला पहिल्यांदा फळं धरली होती, आणि बऱ्याच जणींनी तोंड भरून कौतुक केलं. माणसाच्या मनात वाईट नसतं, पण दृष्ट ती दृष्टच. त्यानंतर आठवड्याच्या आत पहिलं हरीण आलं. म्हणून मी मंगळवारी आणि शनिवारी मीठ-मोहऱ्या ओवाळते, झाडावरून. आमच्या माहेरी चुलीत टाकायचे. इथे गॅस, आणि मिरची जळली की यांना खोकल्याची उबळ येते. म्हणून मी ते बुंध्याशीच ओतते. जाडं मीठ घेते, स्वस्त पडतं.

हे म्हणतात, "अलका, तुझ्या मोहऱ्या राहू देत. मी तार ओढतो आणि करंट सोडतो."  हातात कला आहे, करून मोकळे होतील. वाटेत जिवंत प्राणी मरून पडला तर कुठल्या हातानं मी पूजा करू? आणि पोलीस धरून नेतील ते वेगळंच.

शमिकानं हात धुतले. पुरे करते.

आपली,
अलका


येलहंका
गुरुवार, २३ जानेवारी

अलकाअक्कांना भाग्यलक्ष्मीचा नमस्कार.

माझं मराठी तुमच्यासारखं पुस्तकातलं नाही. आम्ही इथं किती पिढ्यांपासून आहोत ते आमच्या सासऱ्यांनाही नक्की माहीत नव्हतं. घरात बोलतो तसं लिहिते, स्वल्प सांभाळून घ्या.

"बऱ्याच जणींनी कौतुक केलं" असं तुम्ही लिहिलंत. अक्का, त्या दिवशी बऱ्याच जणी कुठं होत्या? तुमच्या शेजारणी प्रसाद घेऊन पुढच्या दारानं गेल्या. मागे आलेली मी एकटी. आणि मीच म्हणाले, "अय्यो, एवढंसं झाड आणि एवढाले चक्कोते!" सरी, असू दे. तुम्ही नाव घातलं नाहीत, ते तुमचं मोठेपण. मी वाचलं, ते माझं.

राग नाही हो. माझी दृष्ट एवढी कडक असती तर आमच्या समोरच्या घरावरचा तिसरा मजला कधीच खाली आला असता.

हरणांना आम्ही जिंके म्हणतो. होसकोट्याला माझ्या भावाचा द्राक्षाचा मळा होता, तो नासकी अंडी पाण्यात कालवून कडेनं शिंपडायचा. त्या वासाला डुक्करसुद्धा फिरकत नाही. तुम्ही करून बघा.

आणि पद्माकररावांना करंट बेडा म्हणावं. नकोच ते. माझ्या गिरीराजला सांगते समजावायला. जावयाचं ऐकतील.

शमिकाला पाचवा लागला. तुमच्याकडचे कच्चे पेरू तिखट-मीठ लावून खायचे डोहाळे लागलेत तिला. बाजारातला आणला तर म्हणते, "हा नव्हे." तेवढे चार पेरू तरी जिंक्यांपासून वाचवा.

भाग्यलक्ष्मी


॥ श्री ॥
रविवार, २६ जानेवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र मला बोचलं, आणि बोचायलाच हवं होतं. तरी एक विचारते, समोरच्यांच्या तिसऱ्या मजल्याला भेगा पडल्यात असं शमिका सांगत होती, ते खरं का?

अंड्यांचं मात्र नाव काढू नका. नासकी काय आणि ताजी काय, आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं आलेलं नाही. माझा देव रागावण्याआधी मीच रागावेन. गोमूत्र शिंपडलं, शेणकाला शिंपडला. घरभर वास, हरणांना काही नाही. उलट वाढलीत. आधी एक-दोन यायची, आता कळप येतो. सकाळी खुरांनी बुंध्याची माती उकरलेली असते. पातळं फाडून आत शिरतात. मी फाटलेल्या पातळांवर दुसरी बांधते. आता माझ्याकडे नेसायची तेवढीच उरलीत.

म्हणून दृष्ट आता रोजची सुरू केलीय. पूर्वी मूठभर मीठ घ्यायचे, आता वाटीभर. पाचही झाडांना.

यांनी तारेचं भेंडोळं आणलंय. पायरीखाली ठेवलंय. मी केर काढताना दर वेळी ते दिसतं. विचारलं, कुठून आणलंत, तर म्हणतात, "मिळालं." तुमच्या गिरीराजना लवकर सांगा हो. आज ते आलेच नाहीत शमिकाबरोबर.

दिवसभर मी आतबाहेर करते. दूध उतू जातं. जपाची माळ हातात असते आणि मणी कुठल्या कुठे गेलेले असतात. शमिका म्हणाली, "आई, तू बस गं एका जागी, मला चक्कर येते तुझ्याकडे बघून."

पेरू सहाच वाचले होते. सगळे दिलेत बरोबर.

अलका


येलहंका
शुक्रवार, ३१ जानेवारी

अलकाअक्का,

भेगा आहेत. कंत्राटदारानं सिमेंट खाल्लं म्हणून आहेत. माझ्या खात्यात घालू नका.

आता मला सांगायचंच लागतं. ते भेंडोळं आमच्या गिरीनंच आणून दिलं. बेळ्ळंदूरला त्याच्या ऑफिसजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. पद्माकरराव म्हणाले, कपडे वाळत घालायला तार हवी. त्यानं आणली. मी करंटचं सांगितलं तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "अम्मा, मामा इंजिनियर आहेत, मी त्यांना काय शिकवू?" रविवारी तोंड चुकवायला आला नाही तो. मी त्याला सांगितलंय, जायचं, आणि बोलायचं. सासऱ्यासमोर जावई जास्त लाजला की काम बिघडतं.

पेरू पोचले. गाडीतच चार संपले म्हणे. दोन दाखवायला आणले.

रोज एवढं मीठ झाडाला घालता, झाडाला चालतं का हो ते? मला शेतातलं कळत नाही, सहज विचारलं. नारळाला घालतात ते ऐकलंय.

भाग्यलक्ष्मी


॥ श्री ॥
रविवार, ९ फेब्रुवारी

विहीणबाई,

गेल्या रविवारी पत्र दिलं नाही, त्याचं कारण यांचा ताप. अंगणात खुर्ची टाकून राखण करत बसायचे, थंडी बाधली. आता उतरलाय.

गिरीराज आले, बोलले. चांगलं बोलले. "मामा, तुम्ही मला कपड्यांसाठी म्हणालात" एवढंच म्हणाले. यांना लागलं ते. मला म्हणाले, "महाशिवरात्रीपर्यंत थांबतो. तोवर तुझे देव काय करतात ते बघू." म्हणजे अडीच आठवडे मिळालेत. पण खांबांना तारेसाठी चिनी मातीचे चिमटे ठोकून झालेत आणि तारही ओढलीय, पातळांच्या मागून. जोडायचीच तेवढी बाकी.

आता तुम्हाला एक सांगते, ते कुणाला सांगू नका. परवा उजाडताना फुलं काढायला मागे गेले. पपनसाखाली एक हरणी होती. मला वाटलं, पाला खात असेल. नाही. मान खाली घालून माती चाटत होती, विहीणबाई. जिभेनं, पुन्हा पुन्हा, एकाच जागी, बुंध्याशी. झाडाला तोंडसुद्धा लावलं नाही तिनं. मला पाहिलं तरी लगेच हलली नाही. तिच्या मागे आणखी दोघी तशाच.

 मुकं जनावर फळ सोडून माती का चाटेल? तिथं कुणी काही पुरलंय. हा प्लॉट आम्ही घेतला तेव्हा आधीच्या मालकाचं आणि त्याच्या भावाचं भांडण होतं. त्यातलं काही असेल. यांना सांगायची सोय नाही, हसतील. मी काल त्या जागी पूर्ण पुडा ओतला मिठाचा, आणि अथर्वशीर्ष म्हटलं.

पपनसाची पानं कडेनं करपायला लागलीत. हे बघा, करणीशिवाय असं होतं का? पाणी तर रोज घालतो.

तुमच्या ओळखीत कुणी जाणतं असेल तर विचारा. मला झोप नाही.

अलका


येलहंका
मंगळवार, ११ फेब्रुवारी

अलकाअक्का,

हे पत्र एकट्यानं वाचा. स्वयंपाकघरात दार लावून वाचलंत तरी चालेल.

कुणी काही पुरलेलं नाही. माझ्या आजोळी गोठा होता, येलहंक्यातच, आता तिथं बँक आहे. अज्जी गाईंच्या गव्हाणीजवळ मिठाचा खडा ठेवायची. गाई तो चाटून चाटून आरशासारखा करायच्या. खडा संपला की भिंत चाटायच्या. चरणाऱ्या जनावराला मीठ लागतं, अक्का. चाऱ्यातून पुरत नाही त्याला. रानात मिळेल तिथं शोधत हिंडतं.

तुमच्या दारी पाच झाडांच्या बुंध्यांशी रोज वाटी वाटी वाढलेलं असतं. ती तुमचं मीठ खायला येतात. आणि आलीच आहेत तर तोंडात पेरूचा पाला घालून जातात, आपण विडा घेतो तसा. तुम्ही घाबरून जास्त घालता, ती जास्त येतात. आणि चक्कोत्याची पानं मिठानंच करपत असणार. मागच्या पत्रात मी विचारलं होतं, आठवतं?

पहिलं हरीण पालाच खायला आलं असेल. पण एक हरीण शिट्टी वाजवली की जातं. कळप तुमच्या मिठानं आलाय.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर भाग्यलक्ष्मीनं शमिकाकडून फोन का करवला नाही. पत्र वाचलं त्याच रात्री ती माझ्या शेजारी बसून पाय चेपून घेत होती. हो, सून सासूकडून पाय चेपून घेते आमच्याकडे, पाचवा महिना आहे. ओठांवर आलं होतं माझ्या. पण आईचं चुकलेलं आईला लेकीच्या तोंडून कळू नये, आणि सासूनं ते लेकीला सांगू नये. तुम्ही शिवरात्रीपर्यंत वेळ आहे म्हणालात. म्हणून पाकिटात घालून डिंक लावला. रविवारी पोचेल.

आजपासून मीठ बंद. अष्टे, एवढंच. बाकी काही करू नका.

माझी दृष्ट लागली असेल-नसेल ते देवाला माहीत. पण एवढा कळप जमवायची ताकद माझ्या डोळ्यात नाही.

भाग्यलक्ष्मी


॥ श्री ॥
सोमवार, १७ फेब्रुवारी

विहीणबाई,

शमिका आणि गिरीराज काल राहिले. आत्ता निघतायत, त्यांच्याबरोबर हे देते. सावकाश वाचा, आणि वाचताना बसून घ्या.

तुमचं पाकीट काल अकराच्या सुमारास हातात पडलं. त्याआधी जे झालं ते आधी लिहिते.

शनिवारी संध्याकाळी पपनसाचा शेंडा मोडलेला सापडला. सगळ्या झाडात एकच फळ उरलं होतं, तेही खाली.  मी देवापुढे बसले होते, तेव्हा यांनी तार जोडून टाकली. शिवरात्रीचा शब्द माझ्याजवळ होता, म्हणून मी विचारलंही नाही. पहाटे उठून बंद करायची, मला कळूच द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण तापातून उठलेला माणूस, सकाळी डोळा लागून राहिला.

मी नेहमीसारखी उठले. गीझर गार होता, वीज गेली होती. थंड पाण्यानं आंघोळ केली, ओलेत्यानंच फुलं काढायला मागे गेले. अनवाणी. जास्वंदीला दोन फुलं होती, पण पातळांच्या पलीकडे, खांबाच्या बाहेर वाकलेल्या फांदीला. मी डाव्या हातानं तार खाली दाबली आणि उजव्या हातानं फुलं खुडली. चांगली घट्ट धरली होती, तळव्यावर वळ उठला. परत आले. पूजेला बसले. आरतीच्या वेळी फ्रिज घुरघुरला, म्हणून कळलं वीज आली.

फ्रिजच्या आवाजानं हे जागे झाले. मी त्यांना मागच्या दाराकडे धावताना पाहिलं. मग ते आत आले, माझ्याकडे बघितलं, ताम्हनातल्या जास्वंदीकडे बघितलं, आणि खुर्चीवर बसले. चहा दिला, तो तसाच गार झाला. मी म्हटलं ताप उलटला. कपाळाला हात लावला तर कपाळ थंडगार.

मला काही माहीत नव्हतं. तुमचं पत्र मी तुम्ही सांगितलं तसं दार लावून वाचलं. दोनदा वाचलं. लाज वाटली, रडू आलं, मग हसूही आलं, विड्याचं वाचून. मनाशी म्हटलं, आता सगळ्यांसमोर सांगायचं. हे आयुष्यभर चिडवतील, चिडवू देत, पण तार तरी निघेल. बाहेर आले आणि शमिका, गिरीराज दोघांसमोर म्हटलं, "अहो, हरणं मीच बोलावली. दृष्ट काढायला मीठ टाकत होते ते चाटायला येतात ती. विहीणबाईंनी ओळखलं. आता तुम्ही ती तार जोडू नका."

मी वाट बघत होते हसण्याची.

ते म्हणाले, "जोडली होती." मग म्हणाले, "काल जोडली. सकाळी बंद करायची राहिली. तू फुलं काढलीस तेव्हा बटण चालूच होतं."

शमिका म्हणाली, "बाबा, काय बोलताय?" आणि माझा हात धरला. तळव्यावर वळ होता, तो तिला दिसला. गिरीराज उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला लगेच समजलं नाही, खरं सांगते. मी म्हणत होते, "पण वीज नव्हती, गीझर गार होता," जसं काही हे भांडण आहे आणि मी ते जिंकतेय. मग मी जमिनीवरच बसले.

वीज कधी येईल हे कुणाला ठाऊक असतं इथे? दहा मिनिटांत येते, चार तासांनी येते. काल ती माझी पूजा होईतो आली नाही. देवाची कृपा म्हणा. मी तसंच म्हणते. पण कृपा म्हणते आणि उठून ते बटण बंद आहे ना ते बघून येते.

तुम्ही फोन करवायला हवा होता असं मी कधीही म्हणणार नाही, आणि तुम्हीही मनात आणू नका. माझी लाज राखायला तुम्ही पाकिटाला डिंक लावलात. यांना माझी काळजी नको म्हणून यांनी गुपचूप तार जोडली. मी यांचं हसणं नको म्हणून हरणीचं यांना सांगितलं नाही. सगळ्यांनी एकमेकांचं मनच जपलं. तुमच्या डोळ्यांना मी नाव ठेवलं, त्याबद्दल मात्र तुमच्या पाया पडते. मला अक्का म्हणता, तरी वयानं तुम्हीच मोठ्या आहात, तेव्हा चालतं.

दुपारी गिरीराजनी आणि यांनी पाचही बुंध्यांची वरची माती खणून पोत्यांत भरली आणि गाडीतून नेऊन दूर चराच्या पलीकडे टाकली. पपनस जगेलसं दिसत नाही. पेरू जगेल. काल रात्री चितळं आलीच, सवय एका दिवसात जात नाही. जमीन हुंगली आणि राहिलेला पाला खाऊन गेली. आज यांनी भिंतीसाठी गवंड्याला बोलावलंय. मीच म्हटलं, बोलवा.

मातीचं काम झाल्यावर हे पक्कड घेऊन मागे गेले. मला वाटलं, तार सोडवून गुंडाळतील. त्यांनी गुंडाळली नाही. पहिल्या खांबाशी उभे राहून एक वीत तोडली, मग पुढची वीत, मग पुढची. उन्हात, घाम पुसत, शेवटच्या खांबापर्यंत. गिरीराज मदतीला गेले तर हातानंच नको म्हणाले. तुम्हाला ठाऊक आहे, मला सुतळीचा तुकडा टाकवत नाही. ती नवी कोरी तार होती, आणि कपडे वाळत घालायला आमच्याकडे खरोखरच तार नाही. मी पायरीवर बसून बघत होते. "अहो, असू द्या" एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

अलका